‘इटालियन लिहितात तशीच वाचायची’ हे क्रियापदांना सांगून बघा

इटालियन शिकायला बसलेल्या मंडळींत एक फॉरवर्ड फिरतच असतो : भाषा आपल्यासारखीच, लिहिली तशी वाचायची, जोर नेहमी शेवटून दुसऱ्या अक्षरावर, अक्षरं मराठीसारखी तोडली की झालं. तिन्हींत थोडं तथ्य आहे, म्हणूनच माणूस फसतो.

आधी जोर, कारण खरी फजिती तिथेच होते. ‘पार्लो’ (मी बोलतो), ‘पार्लियामो’ (आम्ही बोलतो) इथपर्यंत नियम चालतो. मग येतं ‘पार्लानो’, ते बोलतात. नियमाप्रमाणे जोर ‘ला’वर हवा, पण पडतो ‘पार’वर. वर्तमानकाळात ‘ते’चं रूप एकवचनातल्या जोराची जागा सोडत नाही, मागे शेपूट कितीही वाढो. ‘तेलेफोनो’ (मी फोन करतो) यात जोर ‘ले’वर, ‘तेलेफोनानो’तही ‘ले’वरच, म्हणजे शेवटून चौथ्या अक्षरावर!

लिहिली तशी वाचायची? ‘कापितो’ घ्या. ‘का’वर जोर दिलात तर ‘मी सहज येऊन टपकतो’, ‘पि’वर दिलात तर ‘समजलं’, ‘तो’वर दिलात तर ‘तो टपकला’. लेखनात खूण सक्तीची आहे ती फक्त शेवटच्या अक्षरावरच्या जोराला. पहिली दोन रूपं कागदावर हुबेहूब सारखी. ‘लेग्गो’ (मी वाचतो) आणि ‘लेज्जी’ (तू वाचतोस) यांतही इटालियन अक्षर (g) तेच, उच्चार वेगळा. पण तिथे पुढचा स्वर पाहून कळतं, तेवढं श्रेय फॉरवर्डला देऊ. आणि ‘आपल्यासारखी’ म्हणणाऱ्यांनी ‘चार’ आणि ‘चारा’ एकदा मोठ्याने वाचावेत.

अक्षरं तोडण्याचं म्हणाल तर ‘कापिस्को’ (मला समजतं) आपण ‘का-पिस्-को’ असं तोडू; इटालियन लेखनात ओळ मोडताना ते ‘का-पि-स्को’ होतं. एकच व्यंजन दुहेरी आलं तर मात्र ते दोन्हीकडे मधूनच फुटतं, आणि ‘हला’ व ‘हल्ला’ वेगळे म्हणणाऱ्या जिभेला ते जड नाही. तरी घाईत ‘पार्लेरेमो’ (आम्ही बोलू) आणि ‘पार्लेरेम्मो’ (आम्ही बोललो असतो) यांची गल्लत होतेच.

जोराचं कोडं पाठांतरानेच सुटतं. ‘आबितारे’ (राहणे) यात जोर ‘ता’वर, पण ‘आबितो’ (मी राहतो) म्हणताना तो ‘आ’वर जातो. मूळ रूपावरून हे कळायला मार्ग नाही. म्हणूनच चांगले इटालियन कोश क्रियापदापुढे कंसात ‘मी’चं रूप जोराच्या खुणेसह छापतात.