गाव दुपारी बारा वाजता बघायचं

काल लोकलमध्ये ऑफिसमधल्या मैत्रिणीने विचारलं, "तू नेरळला राहतेस ना? आम्हीपण ठाण्याचं भाड्याचं घर सोडतोय. शेलू बघू, वांगणी बघू, की सरळ बदलापूरलाच घेऊ?" दादरला गाडी सुटल्यापासून मी बोलत होते. ठाण्याला ती उतरली तरी माझं सांगून झालं नव्हतं. म्हणून इथे सविस्तर लिहितेय. तिच्यासारखे विचारणारे दर महिन्याला एक-दोन भेटतातच.

आम्ही हा निर्णय २०२२ साली घेतला आणि पहिल्यांदा चुकीचा घेतला. घरातल्या एकाच माणसाची सोय बघून गाव ठरवलं, आणि तो माणूस मी होते.

कामाला जाणाऱ्याच्या गाडीवर सगळ्या घराचं गाव ठरतं, हे मी आजूबाजूच्या प्रत्येक घरात बघतेय. पण कामाला जाणारा त्या गावात असतो किती? मी सकाळी सव्वासहाला बाहेर पडते आणि रात्री आठला घरात पाऊल टाकते. नवरा अंबरनाथला एमआयडीसीत, शिफ्टप्रमाणे. चोवीस तास गावात असतात त्या माझ्या सासूबाई आणि शाळेतून आल्यावर माझी मुलगी. दूध कुठे मिळतं, दवाखाना कुठे आहे, पाऊस लागला तर कुणाच्या दारात उभं राहायचं, हे सगळं त्यांना लागतं. गाव त्यांचं असतं, आणि ते निवडताना त्यांना कुणी विचारत नाही. मीही विचारलं नव्हतं.

माझा हिशेब असा होता. बदलापूर सीएसएमटीपासून ६८ किलोमीटर, नेरळ साधारण ८७. अंतर वाढतं, भाडं उतरतं. बदलापूरच्या पुढे फक्त कर्जत आणि खोपोलीच्या गाड्या जातात. त्यामुळे एक चुकली की अर्धा तास, कधी त्याहून जास्त फलाटावर उभं राहायचं. पण सकाळी कर्जतहून येणाऱ्या गाडीत नेरळला बसायला मिळतं. बदलापूरला डबा भरतो, अंबरनाथला दारात पाय ठेवायला जागा नसते. चौथ्या सीटसाठी आयुष्यभर भांडलेल्या बाईला खिडकी मिळतेय म्हटल्यावर मला दुसरं काही दिसलंच नाही.

स्टेशनपासून चार किलोमीटरवर एका नव्या गृहसंकुलात सातव्या मजल्यावर घर घेतलं. भाड्यानेच घेतलं, अकरा महिन्यांच्या करारावर. एवढं एक शहाणपण केलं म्हणून आज हे शांतपणे लिहू शकतेय. जाहिरातीत लिहिलं होतं, स्टेशनपासून पाच मिनिटं. रिकाम्या रस्त्यावर, स्वतःच्या गाडीने, पाऊस नसताना खरोखरच पाच मिनिटं लागतात. आमच्याकडे गाडी नव्हती. शेअर रिक्षा तिकडे यायला राजी नसत, स्पेशल करावी लागे. माझं भागत होतं, कारण सकाळी नवरा किंवा शेजारचा कुणी तरी स्टेशनला सोडायचा. दिवसभर घरी असलेल्या आईंना, म्हणजे सासूबाईंना, मात्र साधी कोथिंबीर आणायची तरी रिक्षा. मग त्यांनी कोथिंबिरीशिवाय आमटी करायला सुरुवात केली.

नेरळला यायचं ठरलं तेव्हा आईंनी स्वतःहून नव्या चपला घेतल्या होत्या. गावात चालायला होईल, म्हणाल्या. दिवाळीच्या आधी घर आवरताना त्या चपला मी उचलल्या आणि उलट्या केल्या. तळव्याची नक्षी जशीच्या तशी होती. दुकानाचं किंमतीचं स्टिकरसुद्धा टाचेच्या खोबणीत चिकटलेलं होतं. पाच महिन्यांत बाई लिफ्टपासून गेटपर्यंत गेली होती आणि परत आली होती.

त्याच दिवाळीच्या तोंडावर, २२ ऑक्टोबरला, माथेरानची गाडी नेरळहून पुन्हा सुरू झाली. २०१९च्या पावसात मार्ग वाहून गेला होता, तेव्हापासून ती बंद होती. मुलीला ती दाखवायला म्हणून आम्ही सगळे स्टेशनवर गेलो. गाडी बघून झाली आणि आई बाजारात शिरल्या त्या दोन तास बाहेर येईनात. पणत्या घेतल्या, सुकट घेतली, एका बांगड्यांच्या दुकानात जाऊन बसल्या. दुकानातल्या काकू मुरबाडच्या, म्हणजे आईंच्या माहेरच्या बाजूच्या निघाल्या. फोन नंबर घेतले गेले. परत येताना रिक्षात आई किती तरी दिवसांनी भरभरून बोलत होत्या. मला तेव्हाच कळायला हवं होतं. मी मनात म्हटलं, चला, एक दिवस तरी छान गेला.

मग १९ जुलै २०२३ आला. अंबरनाथ-बदलापूरच्या मध्ये रुळांवर पाणी, पुढच्या गाड्या बंद. मी कल्याणला फलाटावर, नवरा अंबरनाथला कंपनीत. शाळा लवकर सोडली होती आणि व्हॅनवाल्यांचा फोन लागत नव्हता. संकुलात वीज गेली, लिफ्ट बंद. सत्तरीच्या आई सात मजले उतरून गेटवर छत्री धरून उभ्या राहिल्या. रिक्षा एकही नाही. वर्षभर त्या संकुलात राहून त्यांना नावाने माहीत असलेलं एकही घर नव्हतं. लोक वाईट नव्हते. पण निम्मी घरं बंद, मालकांनी गुंतवणूक म्हणून घेतलेली, आणि उरलेल्या निम्म्यांतली माणसं आमच्यासारखीच लोकलमध्ये अडकलेली. आईंच्या फोनमध्ये नेरळमधला एकच नंबर होता, बांगड्यांच्या दुकानाचा. त्यांनी तो लावला. काकूंनी दुकान मुलावर सोडलं, त्या शाळेत गेल्या, आईंचं बाईंशी फोनवर बोलणं करून दिलं आणि माझ्या लेकीला घेऊन आल्या. रात्री नऊला नवरा कुठून कुठून पोहोचला तेव्हा ती काउंटरमागे बसून बांगड्यांचे रंग लावत होती आणि पोटभर जेवलेली होती.

त्याच रात्री खालापूर तालुक्यात इर्शाळवाडीवर दरड कोसळली. सकाळी बातम्या बघितल्या तेव्हा आमचा आदला दिवस किती लहान होता ते समजलं. आई टीव्हीसमोरून उठल्या नाहीत. दुपारी एवढंच म्हणाल्या, "मला बाजाराजवळ घर बघ गं. छोटं चालेल."

दिवाळीच्या आत आम्ही नेरळ गावात आलो. दुसरा मजला, लिफ्ट नाही, बाथरूममध्ये एका वेळी एकच बादली मावते. बागही गेली आणि मुलगी आवडीने जायची तो पोहण्याचा तलावही गेला. पण स्टेशन चालत सात मिनिटं, आणि ही सात मिनिटं आईंच्या पायांनी मोजलेली आहेत. पहिल्या पावसानंतर आसपासच्या वाड्यांवरच्या ठाकूर आणि कातकरी बायका शेवळं ही रानभाजी घेऊन बसतात. सोबत काकडं, म्हणजे आंबट रानफळं, घातली नाहीत तर शेवळं घशाला खाजतात, हे मला चाळीस वर्षांत माहीत नव्हतं. आईंना माहीत होतं, फक्त वर्षभर त्या बायकांपर्यंत त्यांना पोहोचता येत नव्हतं.

आता जागा बघताना काय बघायचं, ते.

उल्हास नदी या सगळ्या पट्ट्यातून जाते. कर्जत, नेरळ, शेलू, वांगणी, बदलापूर, सगळी तिच्याच काठची. २००५ची २६ जुलै सगळ्यांना आठवते, पण २७ जुलै २०१९ला बदलापूर-वांगणीच्या मध्ये महालक्ष्मी एक्स्प्रेस पाण्यात अडकली आणि हजारावर प्रवाशांना बोटींतून बाहेर काढावं लागलं, ते लोक घर घेताना विसरतात. पूररेषा बघा. निळी म्हणजे साधारण पंचवीस वर्षांतून एकदा येणाऱ्या पुराची, लाल म्हणजे शंभर वर्षांतून एकदा येणाऱ्या पुराची. बिल्डरला विचाराच, पण आजूबाजूच्या जुन्या किराणा दुकानदारालाही विचारा, पाणी कुठवर आलं होतं. तो भिंतीवर हात लावून दाखवतो.

होणाऱ्या रेल्वेवर घर घेऊ नका. कल्याण-बदलापूर तिसऱ्या-चौथ्या मार्गिकेला २०१९ साली मंजुरी मिळाली. आम्ही घर शोधत होतो तेव्हा प्रत्येक एजंट ती जणू उद्याच सुरू होणार असं बोलायचा. आज जी गाडी धावतेय तिच्यावर हिशेब करा. नवी आली तर आनंदच आहे.

कागदपत्रांचं थोडक्यात: महारेरा नोंदणी, जमीन बिगरशेती आहे का, आणि ओसी, म्हणजे भोगवटा प्रमाणपत्र. ओसी येणार आहे असं कुणी म्हणालं तर ती येईपर्यंत थांबा. पाणी नळाचं की टँकरचं, हे सोसायटीच्या सेक्रेटरीला न विचारता तिथे राहणाऱ्या बाईला एप्रिल-मे महिन्यात विचारा. आठवड्याच्या देखभालीसाठी वीज जाते तेव्हा लिफ्टला बॅकअप आहे का, हेही.

आणि जे इथे नाही तेही सांगते. कर्जतला उपजिल्हा रुग्णालय आहे, पण हृदयाचं किंवा मेंदूचं काही झालं तर आम्हाला कल्याणच्या दिशेनेच पळावं लागतं. घरात कुणाचं डायलिसिस किंवा तसले उपचार चालू असतील तर मी नेरळ सुचवणार नाही, बदलापूरच्याही अलीकडे राहा म्हणेन. मुलगी मोठी होतेय, क्लासेसची निवड इथे कमी आहे. माझे रोजचे साडेतीन तास गाडीत जातात आणि गुडघे आता बोलायला लागलेत. हे सगळं खरं आहे, आणि तरी मला इथून हलायचं नाही.

मैत्रिणीला मी एकच विनंती केलीय. साइट व्हिजिट म्हणून रविवारी बिल्डरच्या गाडीतून येऊ नकोस. रविवारी प्रत्येक गाव छान दिसतं. मंगळवारी-बुधवारी रजा टाक, सासूबाईंना घे आणि लोकलने ये. जिथे घर बघतेयस तिथून दुपारी बारा वाजता त्यांना एकटीने औषधाच्या दुकानापर्यंत जाऊन परत येऊ दे. तू सोबत जाऊ नकोस, रिक्षाही करून देऊ नकोस. किती वेळ लागला, वाटेत सावली होती का, परतल्यावर त्यांचा चेहरा कसा होता, ते बघ. मग शेलू की वांगणी की बदलापूर ते त्यांनाच ठरवू दे.

आईंना हे सांगितलं तर त्या म्हणाल्या, जूनमध्ये बोलव दोघींना, पहिला पाऊस पडला की. शेवळं करते. बांगड्यांच्या दुकानातही नेऊन आणते.