कोड तर होताच, मग काढला कशाला? एका प्रतिक्रियेला उत्तर

नमस्कार. तुमची प्रतिक्रिया परवा वाचली, लगेच उत्तर द्यायला बसलोही, पण चार ओळींत भागेना म्हणून जरा सविस्तर लिहितोय. ज्यांनी ती वाचली नाही त्यांच्यासाठी थोडक्यात सांगतो. डेबियन ही लिनक्सवर आधारलेली मोफत ऑपरेटिंग सिस्टिम, तिच्या १३ व्या आवृत्तीपासून जुन्या ३२-बिट इंटेल मशीनसाठी कर्नल (सिस्टिमचा गाभा) आणि इन्स्टॉलर मिळत नाही, आणि मी लिहिलं होतं की मला हा निर्णय पटतो. तुमचं म्हणणं असं की कोड आधीच लिहिलेला होता, तो तसाच राहू दिला असता तर कुणाचं काय बिघडलं असतं? दुसरं, कंपन्या नवीन माल खपवायला जुनं मारतात आणि आता फुकट काम करणारेही त्याच वाटेने चाललेत. आणि तिसरं, माझ्याकडे नवा लॅपटॉप आहे म्हणून मला हे बोलायला सोपं जातं.

तिसरं खरं आहे, त्यावर वाद घालत नाही. ज्याचं एकुलतं एक मशीन ३२-बिट आहे त्याला ही बातमी वाचून कसं वाटलं असेल हे मी त्या लेखात लिहायला हवं होतं, ते राहून गेलं, चूक माझी.

आता पहिला मुद्दा. कर्नलमधला कोड एकदा लिहिला की पडून राहतो असं होत नाही हो, कारण त्याच्या आजूबाजूचं सगळं दर नऊ-दहा आठवड्यांनी, म्हणजे प्रत्येक रिलीजला हलत असतं. इंटेलच्या ३८६ या जुन्या प्रोसेसरचंच बघा. लिनस टोरवाल्ड्सने १९९१ मध्ये लिनक्स सुरू केलं ते ३८६ वरच, आणि तरी ३.८ या व्हर्जनमध्ये, २०१३ साली, त्याचा सपोर्ट गेला. कारण काय, तर ३८६ मध्ये कर्नल मोडमध्ये चालताना मेमरीच्या रीड-ओन्ली पानाचं संरक्षण प्रोसेसर पाळतच नाही, ती सोय ४८६ पासून आली. म्हणजे कर्नलने युजरच्या मेमरीत काहीही लिहायचं झालं की ३८६ साठी आधी वेगळी तपासणी. शिवाय एकाच झटक्यात तुलना करून किंमत बदलायची जी इन्स्ट्रक्शन लॉकिंगला (दोन कामं एकाच वेळी एकच माहिती बदलू नयेत म्हणून) लागते तीही ३८६ ला नाही, तिच्यासाठी पुन्हा वेगळी वाट. जो कुणी मेमरीच्या किंवा लॉकिंगच्या कोडला हात लावेल त्याने या दोन्ही वाटा डोक्यात ठेवायच्या, आणि त्या बरोबर चालतात का हे बघायला त्याच्याकडे ३८६ नाहीच! हा खर्च ३८६ वाल्याच्या वाट्याला येत नाही, तो रोज काम करणाऱ्या प्रत्येकाच्या वाट्याला येतो, म्हणून बाहेरून दिसत नाही.

२०१८ च्या ४.१७ व्हर्जनमध्ये एकदम आठ आर्किटेक्चर (प्रोसेसरची घराणी) काढली, ब्लॅकफिन, टाइल, एम३२आर वगैरे, आणि जवळपास पाच लाख ओळी गेल्या. काढायच्या आधी विचारलं होतं की कुणी वापरतंय का, सांभाळायला कोण आहे का.

पण माझ्या मते खरं नुकसान याहून वेगळं आहे, आणि ते जुनं मशीन वापरणाऱ्याचंच होतं. जानेवारी २०१८ मध्ये मेल्टडाउन बाहेर आलं, इंटेलच्या प्रोसेसरमधली ती भानगड ज्यात साधा प्रोग्रॅमसुद्धा कर्नलची मेमरी वाचू शकत होता. ६४-बिटसाठीचा उपाय त्याच महिन्यात लिनक्समध्ये आला. ३२-बिटसाठी तो कधी आला माहितीये? ४.१९ मध्ये, म्हणजे ऑक्टोबर २०१८. मधले नऊ महिने ३२-बिट कर्नलला सपोर्ट आहे असंच सगळीकडे लिहिलेलं होतं, अपडेट येत होते, लोक ते निमूट टाकत होते आणि आपण सुरक्षित आहोत असं समजत होते. यात कुणाचा वाईट हेतू नव्हता, ज्यांच्या अंगावर काम पडलं ते सगळे ६४-बिटवर होते आणि ३२-बिटकडे बघायला माणसं कमी होती एवढंच. अशा वेळी "सपोर्ट आहे" या दोन शब्दांचा अर्थ काय उरतो?

हे मी स्वतः केलंय म्हणून इतकं पोटतिडकीने सांगतोय. माझी एक छोटी लायब्ररी आहे (इतर प्रोग्रॅमना वापरता येणारा कोड), वेव्ह या आवाजाच्या फाइलचा हेडर, म्हणजे सुरुवातीची माहिती वाचणारी. बरीच वर्षं झाली, एकाने मेल केला की माझ्या पॉवरपीसी प्रोसेसरच्या मशीनवर तुमची लायब्ररी सॅम्पल रेट (आवाजाचे सेकंदाला किती नमुने) १,१५,२१,२२,८८० दाखवते. खरा होता ४४१००. आकडा बघून मी आधी चक्रावलो, मग हेक्समध्ये मांडून बघितला आणि ट्यूब पेटली: फाइलमध्ये बाइट्स ४४ एसी ०० ०० या क्रमाने असतात, माझ्या मशीनवर ते उलटे वाचले जातात म्हणून उत्तर बरोबर येतं, त्याचं मशीन बिग-एंडियन, ते सरळ वाचतं. चार ओळींचा पॅच होता. त्यानंतर त्या माणसाने जवळजवळ तीन वर्षं माझं प्रत्येक रिलीज बाहेर पडायच्या आधी त्या मशीनवर चालवून बघितलं, कधी एका ओळीचा मेल, "ठीक आहे", कधी अख्खा लॉग. मग त्याच्या मशीनचा पॉवर सप्लाय गेला, दुसरा मिळेना, आणि मेल थांबले.

मी रीडमीमधली (लायब्ररीच्या माहितीच्या फाइलमधली) "बिग-एंडियन चालतं" ही ओळ तशीच ठेवली. का ठेवली तर कोड होताच की! दीड वर्षाने दुसऱ्या कुणीतरी कळवलं की पहिल्याच फाइलला चुकीचे आकडे येतात. बघितलं तर मधल्या काळात मी वेग वाढवायला फाइल थेट मेमरीत मॅप करून हेडरवर सरळ स्ट्रक्चर बसवलं होतं, म्हणजे बाइट्स जसे असतील तसेच वाचले जात होते, आणि बाइट्स फिरवणारं ते फंक्शन आता कुठूनच कॉल होत नव्हतं. फाइलमध्ये ते जसंच्या तसं होतं, टापटीप, कॉमेंटसकट. दीड वर्षं ती ओळ खोटी होती आणि तिच्यावर विश्वास ठेवून कुणीतरी आपलं काम त्यावर उभं केलं होतं. त्या माणसाला उत्तर लिहिताना फार लाज वाटली. तेव्हापासून माझं मत पक्कं झालंय: ज्याच्याकडे ते मशीन आहे आणि जो त्यावर चालवून बघतो तो माणूस म्हणजे सपोर्ट, तो गेला की सपोर्ट त्याच दिवशी गेलेला असतो, जाहीर करणं तेवढं बाकी असतं.

आणि म्हणूनच "वापरणारे कमी म्हणून काढलं" हे जे सगळे बोलतात (मीही त्या लेखात एका ठिकाणी तसं लिहिलंय, ते मागे घेतो) ते मला आता पटत नाही. इंटेल आणि एचपीने मिळून बनवलेलं आयटेनियम घ्या. मोठ्या सर्व्हरसाठीचा प्रोसेसर, पाठीशी एवढ्या बड्या कंपन्या, शेवटचे चिप इंटेलने २०२१ मध्ये पाठवले आणि जानेवारी २०२४ मध्ये आलेल्या ६.७ कर्नलमधून ते आर्किटेक्चर बाहेर गेलं, कारण सांभाळायला कुणी उरलं नव्हतं. उलट मोटोरोला ६८००० चं घराणं १९७९ पासूनचं, अमिगा आणि अटारीच्या काळातलं, ते मात्र कर्नलमध्ये अजून आहे. जीसीसी हा कंपायलर, म्हणजे लिहिलेल्या कोडचं मशीनच्या भाषेत रूपांतर करणारा प्रोग्रॅम. जीसीसीवाल्यांनी सांगितलं होतं की कंडिशन कोडची जुनी अंतर्गत पद्धत आम्ही काढणार, जे बॅकएंड (कंपायलरचे एकेका प्रोसेसरसाठीचे भाग) नव्या पद्धतीवर येणार नाहीत ते जातील. ६८००० वाल्यांनी २०१९ मध्ये वर्गणी काढली, काम करणाऱ्याला बक्षीस लावलं, एकाने ते काम पूर्ण केलं आणि बॅकएंड वाचला. व्हॅक्स या जुन्या प्रोसेसरचंही जीसीसी ११ च्या वेळी असंच कुणीतरी अंगावर घेतलं. आयटेनियमसुद्धा जीसीसी १४ मध्ये जाणाऱ्यांच्या यादीत होतं, एकाने जबाबदारी घेतली आणि जीसीसी १५ मध्ये ते यादीतून बाहेर आलं. तुमचा कंपन्यांचा मुद्दा मला इथेच पटत नाही. कंपनीने बंद केलं की दार बंद, सोर्स तिच्याकडे, तुम्ही काही करू शकत नाही. इथे जुना कोड गिटमध्ये (कोडचा सगळा इतिहास जपणाऱ्या साठ्यात) सगळा आहे आणि दार उघडं आहे, आत येणारा माणूस तेवढा हवा.

पण तुमची चीड कुठून येते तेही मला कळतं आणि एका गोष्टीत मी पूर्ण तुमच्या बाजूने आहे: सांगायची पद्धत. फेब्रुवारी २०२१ मध्ये पायथनच्या क्रिप्टोग्राफी (माहिती कूटबद्ध करणाऱ्या) लायब्ररीने बिल्डसाठी, म्हणजे कोडपासून प्रोग्रॅम बनवायला, रस्ट ही नवी भाषा सक्तीची केली. कारण योग्यच होतं, क्रिप्टोग्राफीच्या कोडमध्ये सीमधल्या मेमरीच्या चुका कुणालाच नको असतात. पण डीईसी अल्फा किंवा एचपीच्या पीए-रिस्क या जुन्या प्रोसेसरसाठी रस्टचा कंपायलरच नाही, तिथे करायचं काय? मेलिंग लिस्टवर आधी सांगितलं होतं, पण ती वाचतो कोण, बहुतेकांना कळलं ते इन्स्टॉल फसल्यावर. मग तावातावाने भांडणं झाली आणि त्यात मेंटेनर्सनाही (लायब्ररी सांभाळणाऱ्यांनाही) वाट्टेल ते बोललं गेलं, जे अजिबात बरोबर नव्हतं. डेबियनच्या एपीटीबद्दल (सॉफ्टवेअर बसवणारा प्रोग्रॅम) ऑक्टोबर २०२५ च्या शेवटी तसंच पत्र आलं, रस्ट लागेल, पण मे २०२६ च्या आधी नाही, ज्या पोर्टकडे (एकेका आर्किटेक्चरसाठीच्या डेबियनकडे) ते नाही त्यांनी सहा महिन्यांत आणावं नाहीतर पोर्ट गुंडाळावा. तारीख आधी दिली हे चांगलंच, पण सुट्टीच्या दिवशी, नोकरी सांभाळून काम करणाऱ्या दोन-तीन लोकांना कंपायलरचा बॅकएंड उभा करायला सहा महिने फार कमी आहेत असं मला वाटतं, आणि त्या पत्राचा सूरही जरा मऊ असता तर बरं झालं असतं, समोरचेही आपल्यासारखे फुकटच राबतात.

शिवाय ही माणसं गेली की तोटा सगळ्यांचाच होतो. ओपनबीएसडी ही लिनक्ससारखीच दुसरी मोफत सिस्टिम, तिचे लोक अनेक वर्षं खोलीभर जुनी मशीन चालू ठेवून प्रत्येक आर्किटेक्चरचं बिल्ड त्याच मशीनवर करत आलेत, २०१४ मध्ये त्यांचं विजेचं बिल वर्षाला २०,००० डॉलरवर गेलं होतं आणि त्यासाठी लोकांकडे मदत मागावी लागली. एवढा खटाटोप का, तर स्पार्क६४ सारख्या प्रोसेसरच्या मशीनवर बाइट्सचा क्रम उलटा आणि मेमरीची शिस्त कडक (आकडा ठरावीक पत्त्यावरूनच वाचता येतो), इंटेलवर जी चूक वर्षानुवर्षं गुपचूप चालून जाते ती तिथे पहिल्याच दिवशी प्रोग्रॅम पाडते. माझा ४४१०० चा बग असाच सापडला.

आता तुमच्या मशीनबद्दल. तुम्ही प्रोसेसरचं नाव लिहिलेलं नाही. टर्मिनलमध्ये एलएससीपीयू (lscpu) ही कमांड चालवा आणि फ्लॅग्सच्या ओळीत एलएम (lm) हा शब्द आहे का ते बघा. असेल तर तुमचा प्रोसेसर ६४-बिट आहे, फक्त सिस्टिम ३२-बिट टाकलेली आहे, असं बऱ्याच जणांचं असतं, मग डेबियनची ६४-बिट आवृत्ती टाकून बघता येईल. नसेल तर नेटबीएसडी आणि ओपनबीएसडी दोन्ही ३२-बिट इंटेलसाठी अजून निघतात, बसवताना अडलात तर विचारा. आणि ३२-बिटचं माझ्या लायब्ररीचं टेस्टिंग सध्या मी फक्त इम्युलेटरवर (दुसऱ्या मशीनची नक्कल करणाऱ्या प्रोग्रॅमवर) करतो, खऱ्या मशीनवर कुणी चालवत नाही. तुमची तयारी असेल तर पुढचं रिलीज बाहेर काढायच्या आधी तुम्हाला पाठवतो, चाललं की "ठीक आहे" एवढं कळवलंत तरी पुरे, आणि तसं झालं तर रीडमीमध्ये ३२-बिटची ओळ ठेवेन.