डोरेमॉनवरचा तो मेसेज खोटा आहे, आणि वाईटही

आत्याने घरच्या ग्रुपवर टाकलेला मेसेज आता भाच्याच्या शाळेतल्या पालकांमध्येही फिरतोय, म्हणून लिहिते. मेसेजचं म्हणणं असं: जपानी कार्टूनमुळे मुलं आपली संस्कृती विसरतात, पाकिस्तान आणि बांगलादेशने डोरेमॉनवर बंदी घातली, शिनचॅन तर जपानमध्येही दाखवत नाहीत, आणि 'चपट्या नाकाच्या लोकांची' कार्टून बघून मुलं तशीच होतात. उपाय काय, तर फक्त भारतीय कार्टून लावा.

बांगलादेशने २०१३ मध्ये डोरेमॉन थांबवलं ते हिंदी डबिंगमुळे. मुलं बांगला सोडून हिंदी बोलायला लागली, ही तिथली तक्रार. म्हणजे धास्ती जपानची नव्हती, आपल्याकडून जाणाऱ्या हिंदीची होती! पाकिस्तानात २०१६ मध्ये पंजाब प्रांताच्या विधानसभेत बंदीच्या मागणीचा ठराव आला होता. शिनचॅन जपानी टीव्हीवर १९९२ पासून चालू आहे.

शिनचॅनचा उद्धटपणा जपानी पालकांनाही खटकत आला आहे, हे खरं. आपल्याकडे २००८ मध्ये केंद्राने ते बंद केलं, मग काटछाट होऊन परत आलं. लहान मूल ते बघून आईला उलट बोलेल, मान्य. त्यात जपानचा काय दोष?

आता ते चपटं नाक. टीव्हीवरून मुलं इतर लोकांबद्दलचं मत बनवतात, हे खरंच आहे. गॉर्न, गोल्डबर्ग आणि कानुनगो यांनी १९७६ मध्ये कॅनडातला एक अभ्यास प्रसिद्ध केला. तीन ते पाच वर्षांच्या गोऱ्या मुलांना 'सेसमी स्ट्रीट' या लहान मुलांच्या अमेरिकन टीव्ही कार्यक्रमाचे तुकडे दाखवले, त्यांत इतर वंशांची मुलं होती. मग फोटो समोर ठेवून विचारलं, कुणाशी खेळायला आवडेल? तुकडे पाहिलेल्या मुलांनी इतर वंशांची मुलं जास्त निवडली. न पाहिलेल्यांचा कल तसा नव्हता.

भाच्याला डोरेमॉनमधला नोबिता जवळचा वाटतो. गणितात नापास होणारा, आईचा ओरडा खाणारा, दारात बूट काढून घरात शिरणारा मुलगा. त्या चेहऱ्याशी त्याची मैत्री झाली आहे आणि मेसेज तीच तोडायला निघालाय. मणिपूर-नागालँडहून आपल्या शहरांत शिकायला आलेल्या मुलांना रस्त्यावर नाकाडोळ्यांवरूनच हाका मारतात. २०१४ मध्ये दिल्लीत अरुणाचलच्या निडो तानियामची टिंगल त्याच्या केसांवरून, दिसण्यावरून सुरू झाली, मग मारहाण, आणि तो पोरगा गेला. तुच्छता घरातल्या मोठ्यांच्या तोंडूनही मुलांपर्यंत जाते.

भारतीय कार्टूनचं म्हणाल, तर छोटा भीममधल्या दांडगट मुलाचं नाव कालिया आहे. सावळ्या मुलाला चिडवायला आयतं नाव!

शिनचॅन बंद करायचं तर खुशाल करा. पण आत्या, तो मेसेज आजच ग्रुपवरून काढ. भाचा आता सगळं वाचतो.