ज्याचा त्याचा इन्व्हर्टर

जूनच्या दुसऱ्या आठवड्यात आईचा फोन आला. "बाय, काल सांजेपासून लाईट नाही गो." गोव्यात वाळपईच्या पलीकडे आमचं गाव. पहिल्याच जोराच्या पावसात माडाचं चुडत, म्हणजे झावळी, 11 केव्हीच्या तारांवर पडलं आणि सगळा वाडा 14 तास काळोखात राहिला. आईकडे इन्व्हर्टर आहे, गेल्या चवथीला आले होते तेव्हा मीच बसवून दिला. त्यावर दोन पंखे आणि चार दिवे चालतात, फ्रीज चालत नाही. शेजारच्या काकींकडे तर तोही नाही. त्यांचं इन्सुलिन ओल्या फडक्यात गुंडाळून मडक्यात ठेवलं होतं, आणि दर दोन तासांनी उठून त्या फडकं भिजवत होत्या.

मी लिस्बनला असते. तार कधी तोडायची आणि कधी तग धरायचा हे ठरवणाऱ्या रिलेंची सेटिंग तपासणं हे माझं रोजचं काम. म्हणून गावाकडच्या लोकांशी बोलताना विजेचा वाद निघाला की मला गप्प बसवत नाही. एक बाजू म्हणते, गोवा-तमनार प्रकल्पातली, कर्नाटकातून येणारी 400 केव्हीची वाहिनी झाल्याशिवाय गोव्याचं काही खरं नाही. दुसरी म्हणते, त्यासाठी गोव्याच्या सीमेवरचं मोलेचं अभयारण्य कापू देणार नाही. मला दोघांचंही पटतं. गोव्यात स्वतःचं मोठं वीजकेंद्र नाही, जवळजवळ सगळी वीज बाहेरून येते, तेव्हा येण्याची वाट एकाहून जास्त हवीच. आणि 2021 साली सर्वोच्च न्यायालयाच्या केंद्रीय अधिकारप्राप्त समितीने सुचवलं, तसं जुन्या वाहिनीच्या पट्ट्यातून ती नेता येत असेल, तर नवं रान तोडायचं कारणच काय? पण तमनारची वाहिनी उद्या सुरू झाली तरी आमच्या वाड्यावर पडलेलं चुडत काही ती उचलणार नाही. लाईट जाते ती बहुतेक वेळा शेवटच्या पाच-दहा किलोमीटरमध्ये, आणि त्या पाच-दहा किलोमीटरवर कोणी वाद घालत नाही.

युरोपात राहणाऱ्यांनी "आमच्याकडे लाईट जातच नाही" असं सांगायचे दिवस 28 एप्रिल 2025 ला संपले. सकाळी 11:33 ला आमच्या ऑफिसातले दिवे गेले. पाचच मिनिटांत कळलं, जवळजवळ सगळा पोर्तुगाल आणि स्पेन बंद पडलाय. मेट्रो थांबली, सिग्नल बंद, कार्ड चालेनात. दुपारनंतर मोबाईलचे टॉवरही बॅटरी संपून एकेक करत गप्प झाले. माझ्या इमारतीतल्या एका आजींनी जुना ट्रान्झिस्टर खिडकीत ठेवून आवाज मोठा केला, आणि खाली फुटपाथवर आम्ही वीस-पंचवीस माणसं बातम्या ऐकत उभी होतो. कोणाला कोणाचं नाव माहीत नव्हतं.

त्या दिवशी विजेचा तुटवडा नव्हता. ग्रिडवरचं, म्हणजे सगळी वीजकेंद्रं आणि तारा जोडणाऱ्या जाळ्यावरचं, व्होल्टेज चढत गेलं. ते सोसेना, म्हणून काही केंद्रं स्वतःला वाचवण्यासाठी ग्रिडपासून सुटली. केंद्र सुटलं की व्होल्टेज दाबून धरणारं त्याचं बळही जातं, म्हणून ते आणखी चढलं आणि आणखी केंद्रं सुटली. काही सेकंदांत सगळं आडवं. अति व्होल्टेजच्या साखळीने असं कोसळणं युरोपात पहिल्यांदाच घडलं, असं तपास करणाऱ्या तज्ज्ञांनी म्हटलं. रिलेंची सेटिंग बघणारी म्हणून मला त्यातली एक गोष्ट अजून टोचते. सुटलेल्या प्रत्येक यंत्राने आपल्यापुरतं बरोबरच केलं होतं. ज्याने त्याने आपलं वाचवलं आणि सगळ्यांचं गेलं.

पुन्हा उभं राहणं मात्र आधीपासून ठरवून ठेवलेलं होतं. बाहेरून वीज न घेता शून्यातून सुरू होऊ शकतील अशी दोन केंद्रं पोर्तुगालने राखून ठेवली होती: कास्तेलो द बोदचं धरण आणि तापादा दो औतेइरोचं गॅस केंद्र. त्यांनी आधी आपल्याभोवतीचा लहानसा भाग उजळवला, मग शेजारचा जोडला, असं करत मध्यरात्रीच्या आत जवळजवळ सारा देश उजळला. त्यानंतर आणखी दोन धरणांवर हीच जबाबदारी टाकायचं ठरलं. कधीच पडणार नाही असं ग्रिड कोणाकडेच नाही. पडलं तर किती कमी पडेल आणि किती लवकर उठेल, एवढंच आपल्या हातात असतं.

31 जुलै 2012 ला भारताची उत्तर, पूर्व आणि ईशान्य ग्रिडं कोसळली, सुमारे 60 कोटी लोक अंधारात होते. मी तेव्हा फर्मागुढीला इंजिनिअरिंगला होते. गोवा पश्चिम ग्रिडवर, म्हणून आमच्याकडे पंखे फिरत होते, आणि हॉस्टेलवर कोणाला त्याचं फारसं काही वाटलं नाही. मलाही नाही.

आता आमच्या वाड्याचं. तारांवरच्या दहातल्या सात-आठ बिघाडांचं कारण क्षणाचं असतं: वाऱ्याने फांदी टेकते, चुडत घासून खाली पडतं. खांबावर रिक्लोजर असला तर तो वीज तोडतो, जरा थांबतो, पुन्हा जोडून बघतो. अडथळा गेला असेल तर लोकांना फक्त दिवा लुकलुकलेला दिसतो. दोन-तीनदा जोडूनही बिघाड तसाच असेल तर तो कायमचा तोडून ठेवतो. मग फीडरचे, म्हणजे उपकेंद्रातून गावांकडे येणाऱ्या लाइनीचे, मधले स्विच नुसता बिघडलेला तुकडा वेगळा काढतात आणि उरलेल्या गावांना दुसऱ्या फीडरवरून वीज देतात. आपोआप बरं होणारं ग्रिड म्हणतात ते हेच. आमच्या चुडतासाठी माणूस पाठवावाच लागला असता, पण 14 तास अंधार त्या एका तुकड्यापुरता राहिला असता, चार गावांना नाही. यासाठी जंगल कापावं लागत नाही. दुसऱ्या फीडरशी जोडणी मात्र हवी, आणि पावसाआधी फांद्या छाटायला माणसं हवीत.

"सगळ्या तारा जमिनीखाली घाला" असं म्हणणाऱ्यांना मी एवढंच सांगते की केबलचा बिघाड आपोआप जात नाही. पावसात जांभा खणून तो शोधावा लागतो. केबल घाला, पण दोन्ही टोकांनी वीज पोचेल अशी गोल फिरवून घाला. नाहीतर 14 तासांचे दोन दिवस होतील.

आणि मला खरी काळजी आहे ती इन्व्हर्टरची. ज्यांच्या तक्रारीला वजन आहे, त्या घरांत, सोसायट्यांत, हॉटेलांत बॅटऱ्या आणि जनरेटर आले. त्यांच्यासाठी लाईट जाणं ही दहा सेकंदांची गोष्ट झाली, मग फीडरसाठी भांडणार कोण? ओपाच्या पाणीप्रकल्पाचे पंप थांबले की नळाचं पाणी मात्र सगळ्यांचंच जातं. शिवाय चुकीच्या जोडणीचा जनरेटर बंद असलेल्या लाइनीत उलटी वीज सोडतो, आणि खांबावर चढलेल्या लाइनमनच्या जिवावर बेततं. मी आईच्या घरी बसवून दिलेल्या इन्व्हर्टरची जोडणी त्या फोननंतर पुन्हा तपासून घेतली. ती नीट आहे. पण तो बसवला तेव्हा काकींच्या घराचा विचार माझ्या मनात आला नव्हता, हेही खरं.

ते चुडत शेवटी सकाळी सापडलं. रात्रभर पावसात टॉर्च घेऊन लाइनमन दादा एकेक खांब बघत फिरत होते. कुठल्या कुळागरातला, म्हणजे बागेतला, माड कुठे वाकलाय हे त्यांना तोंडपाठ आहे, आणि शेवटी तेच कामी आलं. आईने त्यांना चहा दिला तेव्हा ते म्हणाले, पुढच्या वर्षी मी रिटायर होतो. मी आईला म्हटलं, त्यांच्यासोबत वहीपेन घेऊन एकदा सगळी लाइन फिर. आईने काकींनाही सोबत घेतलंय. आतापर्यंत बावीस खांब लिहून झालेत.