पुन्हा नवी बॅटरी? अहो, आधी करंट मोजा!

"बॅटरी गेलीय, नवी टाका." हे वाक्य आता पुन्हा कुणी माझ्यासमोर उच्चारलं तर मी खरंच भांडणार आहे. गाडी चार-पाच दिवस उभी राहिली की सेल्फ लागत नाही, एवढं सांगून होईपर्यंत समोरच्याचं निदान तयार असतं. मीटर लावायचा नाही, वायर बघायची नाही, कधीपासून होतंय हेही विचारायचं नाही. बॅटरी बदला! बदलली. पुढच्याच आठवड्यात पुन्हा तेच. मग म्हणे, ही कंपनीच बेकार, दुसरी घ्या. अरे, बॅटरी उतरतेय कारण गाडी बंद असताना तिच्यातला करंट कुणीतरी खातंय! घरात चोर बसलाय आणि तुम्ही तिजोऱ्या बदलत सुटलाय.

माझी गाडी एमजीबी आहे. १९६२ ते १९८० या काळात बनलेली ब्रिटिश टू-सीटर, त्यातली माझी सत्तरच्या दशकाच्या सुरुवातीची. या गाडीत कॉम्प्युटर नाही, सेंट्रल लॉकिंग नाही, साधं घड्याळही नाही. किल्ली काढून दारं लावली की करंट घेणारं काही उरायलाच नको. अल्टरनेटरच्या (इंजिन चालू असताना बॅटरी चार्ज करणारा जनित्र) डायोडमधून, म्हणजे करंट एकाच दिशेने जाऊ देणाऱ्या भागातून, झिरपेल तो एखाद-दोन मिलिअँपिअर, विषय संपला. म्हणून "पन्नास मिलिअँपिअरपर्यंत नॉर्मल असतं हो" हे मला ऐकवायचं नाही. तो हिशेब आजच्या गाड्यांचा. त्यांच्यात अलार्म, रिमोट, कंट्रोल युनिट असं बरंच काही रात्रंदिवस जागं असतं. माझ्या गाडीत जागं राहणारं कंपनीने काही बसवलेलंच नाही, तर पन्नास मिलिअँपिअर जाणार कुठे?

आणि पन्नास कसले! मीटरवर ०.४५ अँपिअर, म्हणजे साडेचारशे मिलिअँपिअर दिसत होते. गाडी बंद, दिवे बंद, किल्ली माझ्या खिशात. दिवसाचे जवळपास ११ अँपिअर-अवर झाले (एक अँपिअर तासभर वाहिला की एक अँपिअर-अवर). ५० अँपिअर-अवरची बॅटरी फुल चार्ज करून ठेवली तरी अडीच दिवसांत अर्धी आणि पाचव्या दिवशी कोरडी ठाक. यात बॅटरीचा काय दोष? उलट याच भानगडीने बॅटरी मरते. लेड-ॲसिड बॅटरी फुल असताना १२.६ व्होल्टच्या आसपास असते. १२ च्या खाली जाऊन तशीच पडून राहिली की प्लेटांवर सल्फेट धरतं, ते कडक होत जातं, आणि मग कितीही चार्ज करा, पहिली ताकद परत येत नाही. असं दोन-चारदा झालं की नवी बॅटरीसुद्धा खरोखरच जाते. मग हेच लोक टेस्टर लावून म्हणणार, "बघा, सांगितलं होतं ना, बॅटरीच खराब." तळपायाची आग मस्तकात जाते. ती खराब झाली नाही, ती तुम्ही होऊ दिलीत!

बरं, या गाडीची बॅटरी म्हणजे बॉनेट उचललं आणि समोर, असंही नाही. सीटच्या मागे, कार्पेटखाली, झाकणाखाली. आणि १९७४ पर्यंतच्या गाड्यांत एक नव्हे, सहा-सहा व्होल्टच्या दोन, सिरीजमध्ये, म्हणजे एकीमागे एक जोडलेल्या. माझ्या गाडीत आधी कुणीतरी त्यातली एकच बदलली होती. एक नवी, एक म्हातारी. दोघींतून करंट सारखाच जातो, म्हणजे म्हातारी आधी बसते आणि नवीलाही खाली ओढते. हे ज्याने केलं त्याने पैसे घेऊनच केलं असणार! मी दोन्ही काढून एक बारा व्होल्टची बसवली, तरी जागा तीच. दर वेळी सीट पुढे ढकला, कार्पेट गुंडाळा, झाकण उघडा, निगेटिव्हची केबल सोडवा आणि बॅटरी व केबलच्या मध्ये मीटर जोडा. त्यात दार उघडं राहिलं की आतला दिवा लागतो आणि रीडिंग खोटं येतं, म्हणून दाराचा स्विच दाबून धरा. एवढ्यात कुणी हौशी येऊन "सेल्फ मारून बघू का?" म्हणतो. अरे नको! मीटर दहा अँपिअरचा आहे, सेल्फ त्याच्या कितीतरी पट ओढतो. हात नका लावू कशाला!

सगळ्यांचा सल्ला एकच: एकेक फ्यूज काढत जा, ज्या फ्यूजला आकडा पडेल त्या सर्किटमध्ये दोष. बरोबर आहे, पण आजच्या गाडीत. या गाडीत फ्यूज किती? चार! चारही काढले. आकडा जागचा हलला नाही. ०.४५ म्हणजे ०.४५. कारण त्या काळच्या ब्रिटिश गाड्यांत तपकिरी वायर थेट बॅटरीवरून येते, कायम जिवंत, आणि तिच्यावर फ्यूज नाही. अल्टरनेटर, इग्निशन स्विच, दिव्यांचा स्विच, सगळे तिच्यावर. जांभळी म्हणजे कायम जिवंत पण फ्यूजमधून आलेली, पांढरी इग्निशनची, हिरवी इग्निशनची पण फ्यूजमधून, काळी अर्थिंगची. किती सोपं आणि स्वच्छ काम आहे हे! पन्नास वर्षांनंतरही रंग बघून कोणती वायर कुठून कुठे जाते ते सांगता येतं. पण हे रंग माहीत असलेला माणूस मला एकाही गॅरेजमध्ये भेटला नाही. एकाने तर पाचच मिनिटांत फर्मान काढलं, "अल्टरनेटरचा डायोड गेलाय, अल्टरनेटर बदला." डायोड जातात, मान्य. गेला की अल्टरनेटर गाडी बंद असतानाही करंट ओढतो, रात्रभर उभ्या गाडीत हात लावला तर कोमट लागतो. पण माझा गार पडलेला होता! तरीही मागचा प्लग काढून बघितला. ०.४५. अल्टरनेटर ठणठणीत, आणि हा गृहस्थ तो भंगारात टाकायला निघाला होता.

मग राहिला डॅशबोर्ड. तिथे पाठीवर झोपून, पाय सीटच्या पाठीवर टाकून, मान स्टिअरिंगखाली मुरडून टॉर्चच्या उजेडात एकेक वायर चाचपायची. आणि तिथे जे दिसलं ते बघून मला अक्षरशः ओरडावंसं वाटलं. त्या जाड तपकिरी वायरचं आवरण मधोमध ब्लेडने खरवडलेलं. तांबं उघडं. त्याच्यावर एक हलकी लाल वायर नुसती पिळून गुंडाळलेली. सोल्डर नाही, कनेक्टर नाही, फ्यूज तर नाहीच. वरून काळी टेप, तीही उष्णतेने वितळून चिकट झालेली, सुटून खाली लोंबणारी. हात लावला की बोटं काळी. लाल वायर ओढत ओढत गेलो तर हीटरच्या मागे एक काळा डबा. कुठल्या तरी जुन्या मालकाने बसवून घेतलेला अलार्म! सायरन नाही, तो कधीच कुणीतरी काढून नेलाय. रिमोट नाही. नुसता डबा, आत रिले (विजेवर चालणारा स्विच) चिकटलेला, आणि हा रात्रंदिवस माझी बॅटरी पीत बसलेला.

ती पिळलेली वायर सोडवली. मीटर थेट दोन मिलिअँपिअरवर.

फक्त बॅटरी उतरत होती म्हणून हे सापडलं, याचा मला जास्त राग आहे. ती लाल वायर घासून कुठे पत्र्याला लागली असती तर? मध्ये फ्यूज नाही. बॅटरीचा सगळा करंट त्या काडीएवढ्या वायरमधून गेला असता, वायर लाल झाली असती, आणि तिच्या शेजारी पन्नास वर्षं जुनं वाळलेलं कार्पेट! गाडी जळाली असती. "अलार्म बसवून देतो साहेब, अर्ध्या तासात" म्हणणाऱ्याने हे केलं आणि तो निघून गेला. काहीही नवं जोडायचं तर उगमापाशी फ्यूज टाकायचा, ही पहिली गोष्ट. ती येत नसेल तर दुसऱ्याच्या गाडीच्या वायरिंगला ब्लेड लावू नका! या गाड्या आता कुणी बनवत नाही. त्यांचं मूळ वायरिंग एवढी वर्षं टिकलंय आणि त्यावर असली पिळकामं!

डॅशखालीच अजून दोन जोड सापडले, एक फॉग लॅम्पचा, दुसरा कुठेच न जाणारा. दोन्ही काढले. तपकिरी वायरवर नीट सोल्डर करून स्लीव्ह चढवली. गाडी आता दोन आठवडे उभी राहून पहिल्या सेल्फला लागते, त्याच बॅटरीवर, जी "गेलीय" म्हणून मला पुन्हा बदलायला सांगत होते.

आणि त्याआधी जी बदलायला लावली, तिचं काय? ती वॉरंटीत होती. घेऊन गेलो दुकानात. तिथल्या माणसाने मीटर लावला, सेलमधलं ॲसिड तपासलं आणि सांगितलं, "ही डीप डिस्चार्ज झालीय, तुमच्या गाडीत करंट लीक आहे, वॉरंटी लागू नाही." हाच तो माणूस, ज्याने गाडीकडे ढुंकून न बघता मला ती विकली होती! म्हणजे मीटर होता. लीक म्हणजे काय ते माहीत होतं. पैसे परत द्यायची वेळ येईपर्यंत मीटर बाहेर काढायचा नव्हता, एवढंच!