चप्पल घालून पाणी भरावे

नवीन फ्लॅटची चावी नुकतीच हाती आलेल्या आणि गृहप्रवेशाच्या जेवणात वडाभात ठेवावा की पाटवडी-रस्सा, या विवंचनेत सापडलेल्या नागपूरकर वाचकांच्या उपयोगी पडावे, या शुद्ध हेतूने मी हा लेख लिहीत आहे. मी स्वतः यंदाच्या मार्च महिन्यात मनीषनगरच्या पलीकडे राहावयास आलो. मागच्या मंगळवारी दुपारी माझ्या एकाहत्तर वर्षांच्या आईने बाल्कनीतल्या कूलरमध्ये पाणी ओतण्यासाठी हात पुढे केला, हात झटका बसून मागे फेकला गेला, स्टीलचा गुंड फरशीवर आपटला आणि आई दाराच्या चौकटीला धरून खाली बसली. संध्याकाळी मी घरी येईपर्यंत तिने कोणाला काही सांगितले नाही, कारण कूलरला थोडा करंट असतोच, असे तिचे मत आहे. हे मत एकट्या तिचे नसून निम्म्या शहराचे आहे, हे मला पुढच्या चार दिवसांत कळले. त्या चार दिवसांत मिळालेले ज्ञान आपल्यापुढे ठेवतो.

पहिली सूचना अशी, की ताबा घेण्यापूर्वी घराची तपासणी करणाऱ्या माणसाला चुकूनही बोलावू नये. हल्ली काही तरुण अभियंते हा व्यवसाय करतात. ते भिंतीला यंत्र टेकवून ओल सांगतात, प्रत्येक सॉकेटमध्ये एक लहानसा टेस्टर खुपसून त्यावरचे दिवे पाहतात, बाथरूमच्या जाळीवर पाणी सोडून उतार बघतात आणि शेवटी दोषांची लांबलचक यादी हाती देतात. एवढ्या शुभप्रसंगी असली अभद्र यादी कोणाला हवी असते? त्यांना देण्याचे पैसे वास्तुतज्ज्ञाला द्यावेत. आमच्या वास्तुतज्ज्ञांनी स्वयंपाकघर बरोबर आग्नेयेला आल्याबद्दल आमचे अभिनंदन केले. त्या आग्नेय कोपऱ्यात शेगडीला लावलेली नळी आम्ही जुन्या घरून आणली होती आणि जी पाच वर्षांनी बदलायची असते तिला सातवे वर्ष लागले होते, पण तो त्यांच्या शास्त्राचा विषय नव्हता.

आपण स्वतः तपासणी करायचीच असेल, तर रुपयाचे नाणे घेऊन फरश्या ठोकाव्यात. मी ठोकल्या. हॉलमधल्या तीन फरश्या पोकळ वाजल्या, त्या मी बिल्डरच्या माणसाशी भांडून बदलून घेतल्या आणि आपल्याला कोणी फसवू शकत नाही, या समजुतीत पुढचे दोन महिने आनंदात काढले.

आता विजेविषयी. भिंतीतल्या सॉकेटला तीन भोके असतात, त्यांपैकी वरचे मोठे भोक शोभेसाठी असते, असे समजून चालावे. ते कशासाठी आहे, याची चौकशी करू नये. मी केली. मंगळवारी रात्री बाल्कनीतला बोर्ड उघडला, तर आत हिरवी तार, म्हणजे पत्र्यात उतरलेला करंट जमिनीत नेणारी अर्थिंगची तार, होती. ती वितभर बाहेर आलेली, टोकाला काळी टेप गुंडाळलेली आणि नीट दुमडून डब्याच्या कोपऱ्यात निजवलेली होती. कोठेही जोडलेली नव्हती. मग मी एकेक करून घरातले चौदा बोर्ड उघडले आणि त्यांपैकी अकरा बोर्डांत हिरव्या तारा अशाच सुखाने निजलेल्या निघाल्या. तार ओढण्याचे कष्ट घेतले, तारेचे पैसे दिले आणि शेवटचा स्क्रू पिळण्याचा तेवढा कंटाळा केला!

डीबीमध्ये, म्हणजे घराच्या मुख्य स्विचांच्या डब्यात, ईएलसीबी बसविलेली होती. हिला आता आरसीसीबी म्हणतात. जाणारा आणि परत येणारा करंट यांत 30 मिलिअँपिअरचा फरक पडला, की ती क्षणार्धात पुरवठा तोडते. म्हणजे करंट माणसाच्या अंगातून जमिनीत जाऊ लागला, की तो माणूस मरण्याआधी तिने पडावे, एवढ्यासाठीच ती असते. माझ्या आईला झटका बसला, तरी ही पडली नाही, म्हणून मी झाकण काढले. तिच्यात तारच नव्हती. डब्यातली जागा रिकामी दिसू नये म्हणून बसविल्यासारखी ती तेथे बसलेली होती.

दुसऱ्या दिवशी बिल्डरने पाठविलेला वायरमन आला. अत्यंत शांत स्वभावाचा माणूस. तो म्हणाला, “ते घडीघडी पडत होतं जी काकाजी, म्हणून डायरेक्ट केलं.” ती का पडत होती, असे विचारताच त्याने माझ्याकडे करुणेने पाहिले. अर्थिंगचे काय, असे विचारल्यावर तो म्हणाला, “काही नाही होत जी. आईले चप्पल घालून पाणी भराले सांगा.”

एवढ्यावर न थांबता, पाहिजे असेल तर न्यूट्रलमधूनच, म्हणजे करंट परत नेणाऱ्या तारेतूनच, एक तुकडा वरच्या भोकात जोडून देतो, पाच मिनिटांचे काम आहे, अशी उदार तयारीही त्याने दाखविली. ही युक्ती आपणही अवश्य करून घ्यावी, कारण तिच्यामुळे टेस्टरचा दिवा योग्य जागी लागतो आणि घरमालकाचे समाधान होते. फक्त एखाद्या दिवशी मागे कोठे तरी न्यूट्रल सुटला, की चालू असलेल्या कूलरची अख्खी लोखंडी बॉडी 230 व्होल्टवर उभी राहते, आणि तो दिवस कोणता ते आधी कळत नाही.

एमसीबी, म्हणजे करंट फार वाढला की आपोआप पडणारा स्विच, आहे ना, असे आपण म्हणाल. मीही म्हणालो होतो. एमसीबी ही तारेचे रक्षण करण्यासाठी असते, माणसाचे नव्हे. सोळाची एमसीबी 16 अँपिअरच्या आत हूं की चूं करीत नाही आणि माणसाचे हृदय बंद पाडायला एका अँपिअरचा दहावा भाग पुरतो. दोन्ही आकडे शाळेत गेलेल्या कोणत्याही माणसाला समजावेत असेच आहेत. (ती एमसीबी वारंवार पडत असल्यास काढून बत्तीसची टाकावी, म्हणजे ती पडणार नाही. तिच्याऐवजी भिंतीतली तार तापेल, पण भिंतीतले कोणाला दिसते?)

अर्थिंगचा खड्डा मात्र आमच्या इमारतीला खरोखर आहे, हे मी न्यायबुद्धीने नमूद करतो. तो कोठे आहे, असे सुपरवायझरला विचारले, तेव्हा त्याने पार्किंगकडे बोट दाखविले. तेथे पेव्हर ब्लॉक होते आणि त्यांवर दुसऱ्या मजल्यावरच्या साहेबांची गाडी उभी होती. कोळसा आणि मीठ भरलेल्या त्या खड्ड्यात उन्हाळ्यात वरून पाणी घालायचे असते, त्यासाठी नळीचे नरसाळे वर ठेवलेले असते. जमीन ओली असली, तरच ती करंट नीट ओढून घेते. आपल्याकडे पारा पंचेचाळीसच्या वर जातो, नवतपात काळ्या मातीला हात जाईल एवढ्या भेगा पडतात, खड्डा कोरडा ठणठणीत होतो आणि नेमके त्याच महिन्यात घरोघरी पाणी आणि वीज एकाच लोखंडी पेटीत कोंबलेली असते. अशा कोरड्या खड्ड्याचा रोध 50 ओहम झाला असे धरा. 230 ला 50 ने भागले, की सुमारे साडेचार अँपिअर येतात. कूलरच्या बॉडीतून एवढा करंट जमिनीत जात असला, तरी एमसीबीला वाटते, की घरात कोणी तरी इस्त्री करीत आहे. आमच्या खड्ड्याचे नरसाळे पेव्हर ब्लॉकखाली गेले आहे. आणि गेले नसते, तरी आमच्या घरातल्या हिरव्या तारा तेथवर पोहोचतच नव्हत्या, त्यामुळे मी पाणी घालून कोणावर उपकार करणार होतो, हा प्रश्न उरतोच. तो कूलरही गल्लीतल्या दुकानातून बनवून घेतलेला. पत्रा जाड, ताट्या नव्या, पंखा असा की परदे उडावेत, आणि तार दोन पिनांची. तिसरी पीन मागितली असती, तर दुकानदाराने दिली असती. मी फक्त हवा कशी आहे ते विचारले.

बाकीच्या सूचना थोडक्यात सांगतो.

बाथरूममध्ये गॅस गीझर लावला असेल, तर डिसेंबरच्या थंडीत झरोक्याला काच बसवून घ्यावी. कार्बन मोनॉक्साइडला वास नसतो, त्यामुळे आंघोळीचा आनंद शेवटपर्यंत टिकतो.

बाल्कनीच्या कठड्याचे गज आडवे असावेत, म्हणजे मुलांना चढावयास सोपे जाते. उभे असल्यास शेजारी मोडा ठेवावा.

भिंतीत कोपऱ्यापासून तिरकी चीर गेलेली दिसली, तर तिच्यावर पुट्टी भरून रंग द्यावा. काळी माती पावसाळ्यात फुगते आणि उन्हाळ्यात आकसते, आणि पाया तिच्या खाली मुरमापर्यंत नेलेला नसेल, तर इमारतही तिच्याबरोबर श्वास घेते. प्लास्टरची केसासारखी चीर वेगळी आणि बोट शिरेल अशी, दरवर्षी रुंदावणारी, दाराची चौकट तिरपी करणारी चीर वेगळी. पण हा फरक स्ट्रक्चरल अभियंत्याला विचारण्यापेक्षा रंगाऱ्याला विचारावा. तो उत्तरही लवकर देतो आणि रंगही.

जिन्यात चपलांची कपाटे, मोडकी सायकल आणि गृहप्रवेशाच्या रिकाम्या खोक्यांचा ढीग ठेवावा. गच्चीला कुलूप लावून किल्ली अध्यक्षांकडे द्यावी व अध्यक्षांनी पुण्याला मुलाकडे जावे. अग्निशमन यंत्रणा चालू असल्याचा दाखला दरवर्षी जानेवारीत आणि जुलैत द्यावा लागतो, असे महाराष्ट्राचा 2006 चा कायदा म्हणतो. आमच्याकडे लाल रंगाचा नळ आहे. त्याला पाणी नाही, पण लाल आहे.

मीटरचे बोर्ड पार्किंगमध्ये गुडघ्याच्या उंचीवर असावेत. 23 सप्टेंबर 2023 च्या पहाटे अंबाझरी तलाव ओसंडून नागनदी घरांत शिरली होती, त्याला आता बराच काळ लोटला आहे आणि पाणी दर वेळी तेवढे थोडेच चढते.

आणखीही सूचना लिहून ठेवल्या होत्या, परंतु काल रात्री इमारतीच्या व्हॉट्सअ‍ॅप ग्रुपवर जे वाचले, त्यानंतर हा सूर पुढे ओढण्याची इच्छा राहिलेली नाही.

मी तेथे हिरव्या तारेचे आणि रिकाम्या ईएलसीबीचे फोटो टाकले होते. सर्वांनी आपापला एक बोर्ड उघडून पाहावा आणि बिल्डरला एकत्रित पत्र द्यावे, एवढेच लिहिले होते. घर घेणाऱ्यांच्या रक्षणासाठी असलेल्या रेरा कायद्याच्या कलम 14 प्रमाणे ताबा मिळाल्यापासून पाच वर्षांत बांधकामातले किंवा कामाच्या दर्जातले दोष कळविले, तर ते बिल्डरने तीस दिवसांत स्वखर्चाने दुरुस्त करून द्यायचे असतात. आम्हाला ताबा मिळून चार महिनेही झालेले नाहीत. यावर पहिले उत्तर हात जोडलेल्या चित्राचे आले. दुसऱ्याने कळविले, की आमच्याकडेही थोडा करंट येतो, पण सवय झाली. तिसऱ्याने लिहिले, की हे लेखी देऊ नका, बाहेर कळले तर फ्लॅटचे भाव पडतील. त्या तिसऱ्याला सात जणांनी अंगठा दिला.

भाव पडतील! दर उन्हाळ्यात वर्तमानपत्राच्या शहराच्या पानावर तळाशी चार ओळींची बातमी येते, की अमुक नगरात कूलरचा शॉक लागून मृत्यू. बहुधा ती पाणी भरणारी बाई असते, नाही तर अनवाणी खेळणारे पोर. ती बातमी तुम्ही चहाबरोबर वाचता, ‘अरेरे’ म्हणता आणि पान उलटता, आणि तुमच्या स्वतःच्या बाल्कनीत तोच कूलर, तीच दोन पिनांची तार आणि तेच मेलेले वरचे भोक असते. बिल्डर लबाड आहे, हे मान्य. ज्या वायरमनने जीव वाचविणारी वस्तू पडते म्हणून काढून टाकली, त्याच्या हातात परवाना कोणी दिला, हेही विचारलेच पाहिजे आणि मी ते विचारणार आहे. पण फॉल्स सीलिंगचे दिवे तीन रंगांत बदलतात की नाही, हे तुम्ही अर्धा तास उभे राहून तपासलेत. मी तीन फरश्यांसाठी भांडलो. चौदा बोर्डांपैकी एकही मी उघडला नाही, आईला झटका बसेपर्यंत उघडला नाही. ती तेव्हा अनवाणी होती आणि फरशी ओली होती. हात मागे फेकला जाण्याऐवजी मुठीत पत्रा धरला गेला असता, तर मी आज हा लेख लिहीत नसतो.

सवय झाली म्हणजे काय झाले? एकाहत्तर वर्षांच्या बाईने स्वतःच्या घरात पाणी भरताना चप्पल शोधायची, ही सवय? तिसऱ्या मजल्यावरच्या त्या दोन वर्षांच्या मुलीलाही हीच सवय लावणार आहात का? ती काल संध्याकाळी तुमच्याच कूलरच्या टाकीत हात घालून खेळत होती आणि तुम्ही शेजारी खुर्ची टाकून फोनवर भाव पडण्याची काळजी करीत होता.

पत्र मी लिहिले आहे. त्यावर सध्या एकच सही आहे. रविवारी सकाळी नऊ वाजता परवानाधारक वायरमनला घेऊन मी तळमजल्यापासून एकेका दारावर येणार आहे. त्याचे पैसे मी दिले आहेत. कूलर बंद करा, प्लग काढून ठेवा आणि बेल वाजली की दार उघडा.