आकाशगंगेच्या फोटोंवरचा तो मेसेज आणि त्यातल्या चुका

आपल्याकडच्या ग्रुपांवर एक मेसेज जोरात फिरतोय: आकाशगंगेचे रंगीत फोटो कॉम्प्युटरवर बनवलेले असतात. कारणं चार दिली आहेत. डोळ्यांना असे रंग दिसत नाहीत, एका फोटोसाठी अनेक फोटो जोडतात, प्रिंट काढली की सगळं काळं येतं, आणि खरं आकाश टिपायला लडाख व लाखांची दुर्बीण लागते. विदर्भातल्या खेड्यांतली पोरं आत्ता कुठे रात्रीचे फोटो काढायला लागली आहेत. त्यांचा हिरमोड होऊ नये म्हणून एकेका मुद्द्याचं उत्तर देतो.

आधी रंग. अंधारात डोळ्यातल्या ज्या पेशी काम करतात त्यांना रंग कळत नाही, म्हणून आकाशगंगा राखाडी दिसते. पण मे महिन्यात रात्री दहाला अंगणात बाज टाकून दक्षिणेकडे पाहा. वर चित्रा निळसर पांढरी, आग्नेयेला ज्येष्ठा नारिंगी. ठळक ताऱ्यांचे रंग नुसत्या डोळ्यांनाही दिसतात. डोळा क्षणभराचा प्रकाश धरतो, कॅमेरा 15-20 सेकंदांचा साठवतो, म्हणून त्याला अंधूक ठिकाणचेही रंग मिळतात. धनू राशीकडचे तेजोमेघ, म्हणजे वायू-धुळीचे चमकणारे ढग, हायड्रोजनमुळे लाल असतात. तो प्रकाश 656 नॅनोमीटर तरंगलांबीचा, आणि साध्या कॅमेऱ्यात प्रकाश टिपणाऱ्या सेन्सरपुढचा फिल्टर त्यातला बराचसा अडवतो. म्हणजे कॅमेरा हा लाल रंग वाढवत नाही, उलट कमी टिपतो.

फोटो जोडण्याची गरज तर आपल्याकडे जास्तच. उन्हाळ्यात मध्यरात्रीही हवा तापलेली असते, सेन्सर गरम होतो आणि फोटोभर लाल-निळे ठिपके उमटतात. ते आकाशातले नाहीत, त्यामुळे ते काढणं हाच प्रामाणिकपणा. एकाच सेटिंगवर 16 फोटो काढून, ताऱ्यावर तारा बसवून सरासरी घेतली की इकडेतिकडे विखुरलेला नॉइज, म्हणजे फोटोतली खरखर, चौथ्या हिश्श्यावर येतो. लेन्सला झाकण लावून तेवढ्याच सेकंदांचे काही काळे फोटो घेतले की सेन्सरचे कायमचे ठिपकेही वजा करता येतात. ज्या मोबाईलवरून हा मेसेज पुढे जातो, त्याचा नाईट मोडसुद्धा अनेक फ्रेम जोडूनच फोटो देतो.

फसवणूक होतच नाही असं नाही. एकीकडची आकाशगंगा दुसरीकडच्या देवळावर चिकटवून ‘एका क्लिकमध्ये’ म्हणणारे आहेत, आणि त्यांची मला मनापासून चीड येते. पण ते पकडता येतात. आकाशगंगेचा तेजस्वी मध्यभाग आपल्याकडे आग्नेयेला उगवतो आणि नैर्ऋत्येला मावळतो. तो उत्तरेच्या डोंगरावर दिसला तर फोटो चिकटवलेला. पौर्णिमेचा चंद्र आणि झगझगीत आकाशगंगा शेजारीशेजारी दिसली तरी तेच. शंका आली तर सरळ रॉ फाइल, म्हणजे कॅमेऱ्यातली एडिट न केलेली मूळ फाइल मागा.

प्रिंट काळी येते, हे खरं आहे. पण स्क्रीन स्वतः उजळते, कागद फक्त त्याच्यावर पडलेला उजेड परत पाठवतो. फुल ब्राइटनेसवर एडिट केलेलं आकाश कागदावर बुडणारच. ब्राइटनेस उतरवून एडिट करा, गडद भाग जरा उचला, आणि लॅबवाल्याला ऑटो करेक्शन बंद ठेवायला सांगा, नाहीतर मशीन काळं आकाश राखाडी करून टाकतं. आधी 4×6 इंचांची एक प्रिंट काढून खिडकीपाशी नेऊन बघा. ती जमली की 12×18. त्याला इंचाला 300 पिक्सेल (पीपीआय) या हिशोबाने 3600×5400 पिक्सेल लागतात, ते 24 मेगापिक्सेलच्या कॅमेऱ्यात आरामात मिळतात.

राहिलं लडाख. लग्नाचे फोटो काढणाऱ्याने विकायला काढलेली कॅमेऱ्याची जुनी बॉडी, 18-55 मिलिमीटरची लेन्स आणि न हलणारा ट्रायपॉड एवढ्यावर सुरुवात होते. अशा कॅमेऱ्यातल्या क्रॉप, म्हणजे आकाराने लहान सेन्सरवर 18 मिलिमीटरला 18 सेकंदांपर्यंत तारे जवळपास ठिपक्यासारखेच राहतात. दुर्बीण लागतच नाही. लडाखमधलं हान्ले उंचावर, हवा कोरडी, तिथलं आकाश उत्तमच. पण आकाशगंगेचा मध्यभाग तिथे क्षितिजापासून 28 अंशांच्या आसपासच चढतो, आपल्याकडे 40 अंशांपर्यंत. रानडुकरांपायी शेतात जागलीला जाणाऱ्या कुणालाही विचारा, अमावस्येला तो पट्टा कुठे असतो ते बोटाने दाखवेल. शिवाय पेंच व्याघ्र प्रकल्पाला जानेवारी 2024 मध्ये देशातलं पहिलं डार्क स्काय पार्क, म्हणजे रात्रीचा अंधार जपणारं ठिकाण, म्हणून मान्यता मिळाली. त्यासाठी पेंचजवळच्या सिल्लारीकडच्या गावांत उजेड खाली पाडणारे दिवे बसवले. असे दिवे आपल्या गावातही मागता येतील. पुढच्या ग्रामसभेत पथदिव्यांचा विषय निघाला की उजेड रस्त्यावर पडेल असेच दिवे बसवा, एवढं सांगा.